माणदेशचा पाऊस कुऱ्हाडीनं पळवलेला नाही

उन्हाळा तापला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. सार असं: माण, खटाव, आटपाडी, जत हा एकेकाळी घनदाट जंगलाचा मुलूख, आपण झाडं तोडली म्हणून पाऊस गेला, माळावर लाखो रोपं लावा, तो परत येईल. शेवटी ढग हाकलतात म्हणून पवनचक्क्यांनाही एक शिवी असते.

‘झाडं तोडली म्हणून पाऊस गेला.’ महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला 100 किलोमीटरच्या आत दहिवडी, तिथं जेमतेम 500. जिल्हा एकच, सातारा. समुद्रावरून आलेलं वारं घाट चढताना गार होतं आणि आपलं बरंचसं पाणी तिथंच ओततं. घाटाच्या पूर्वेला उतरताना तीच हवा तापते, ढग विरतात. जुलैत दहिवडीच्या स्टँडवर उभं राहून वर बघा. ढग दिवसभर पूर्वेला धावत असतात, खाली धुरळा बसेल एवढीही भुरभुर नसते. इथल्या शेतकऱ्याची खरी भिस्त परतीच्या पावसावर. ही पर्जन्यछाया सह्याद्रीची आहे आणि सह्याद्री माणसाच्या कितीतरी आधीचा. पवनचक्क्यांचं म्हणाल तर पावसाळी ढग काही किलोमीटर जाड असतात. शे-दीडशे मीटर उंचीपर्यंत पोचणाऱ्या पात्यानं ते हाकलले जात नाहीत.

‘इथं घनदाट जंगल होतं.’ मग खिल्लार बैल आणि धनगरांची मेंढरं शेकडो वर्षं कशावर जगली? जुन्या मराठी साहित्यातले रानझाडांचे उल्लेख संशोधकांनी 2025 मध्ये तपासले. पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यात सापडल्या त्या बहुतेक वनस्पती गवताळ माळावरच्या निघाल्या, बाभूळ-तरटीसारख्या.

‘झाडं ढग ओढतात.’ यात तथ्याचा अंश आहे, म्हणून जरा थांबतो. झाड मुळांनी पाणी उपसतं आणि वाफ करून हवेत सोडतं. पश्चिम घाटातल्या रानांची वाफ तमिळनाडूच्या पावसाला हातभार लावते, असं आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी 2018 मध्ये मांडलं. त्याआधी 2016 मध्ये त्यांनी 1980 च्या आणि 2000 च्या दशकातलं भूआच्छादन हवामानाच्या प्रारूपात घालून बघितलं होतं: झाडोऱ्याची जमीन शेतीखाली गेली तसा मान्सून काहीसा अशक्त झाला, मुख्यतः गंगेच्या खोऱ्यात आणि ईशान्येला. पण हा हिशोब लाखो हेक्टरांचा, आणि वाफ वाऱ्याबरोबर जाते. म्हसवडला झाड लावलं म्हणून पाऊस म्हसवडलाच पडेल असं नाही. झाडाचं पाणी मात्र म्हसवडच्याच जमिनीतून उपसलं जाणार. कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावानं 2016 चा वॉटर कप, म्हणजे पाणी फाउंडेशनची जलसंधारणाची स्पर्धा, जिंकला तो पडलेला पाऊस अडवून, जास्तीचा पाऊस आणून नव्हे.

मेसेज ज्यावर गप्प आहे तो बदल डोळ्यांदेखत होतोय. टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांचं पाणी आलं, माळ फुटला, ऊस आणि डाळिंब उभं राहिलं. भिजलेल्या रानावरची हवा दुपारी थोडी गार, पण दमट राहते. नांगरट झाली की गवताच्या मुळांनी मातीत साठवलेला कार्बन सुटायला लागतो. पाणी येऊ नये असं कोण म्हणेल? पण जमीन आणि हवामानाच्या नात्यावर बोलायचं तर हे आधी बोला.

झाडं जरूर लावा; बांधावर, ओढ्याकाठी, शाळेपुढं. चिंच लावा, कडुनिंब लावा. पण कुसळी-पवन्या गवताच्या माळावर जेसीबीनं खड्डे काढून निलगिरी नि गिरिपुष्प कोंबायचं, भोवती कुंपण घालायचं, तर चराईला मेंढरं कुठं न्यायची तेही त्याच मेसेजमध्ये लिहा.