डिलीट मेसेजांची तेरीज

गेल्या रविवारी आमच्या मंडळाच्या वार्षिक सभेत एक ठराव झाला. ‘गेमिंग ग्रुपच्या ॲडमिननी एक महिन्याच्या आत दोष दुरुस्ती अहवाल सादर करावा.’ सूचक, अनुमोदक, मंजूर, मंजूर, मंजूर. ॲडमिन मी. दोष कुणाचे, ते ठरावात लिहिलेलं नाही.

ग्रुपची हकीकत थोडक्यात सांगतो. लॉकडाउनमध्ये पेठेतली पोरं घरात कोंडली गेली, पबजी खेळायला लागली, एकमेकांना हाका मारायला ग्रुप निघाला आणि ‘दादा कॉम्प्युटरवर काम करतात’ एवढ्या एका पात्रतेवर माझ्या गळ्यात तो पडला. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा मला वाटलं, सुटलो. पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय नावानं परत. जुलै २०२२ मध्ये तोही प्ले स्टोअरवरून गायब झाला, मे २०२३ मध्ये पुन्हा हजर. खेळ दोनदा मेला आणि दोनदा उठला, ग्रुप मात्र एकदाही मेला नाही. उलट बंदीच्या काळात जास्त पेटला, कारण खेळायला काही नव्हतं आणि भांडायला सगळे होते.

माझं काम रात्री अकरानंतर सुरू होतं. एकजण ऐन लढाईत जीप घेऊन पळून जातो, मागं राहिलेले तिघं खलास होतात आणि त्याचा पंचनामा ग्रुपवर चालू होतो. त्यात आधी त्याचा नेम येतो, मग शिक्षण, मग वडिलांचा धंदा, मग आई. आई आली की मी उठतो, चष्मा शोधतो आणि मेसेज काढतो.

यंदा मंडळाला दिवाळीत गेमची स्पर्धा घ्यायची आहे. त्यामुळं कार्यकारिणीला एकदम शिस्तीची आठवण झाली आणि सभेच्या विषयपत्रिकेत घातलं गेलं : विषय क्र. ६, गेमिंग ग्रुपचा वार्षिक अहवाल वाचून नोंद घेणे.

इथं बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगायला पाहिजे. सहकार कायद्याप्रमाणं संस्थांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकावी लागते. त्यामुळं तो महिनाभर कोल्हापूर जिल्ह्यात कुठं ना कुठं दूध संस्थेचा, पतसंस्थेचा, नाहीतर कारखान्याचा मंडप घातलेला असतोच. अर्धा मंडप ‘मंजूर’ ओरडतो, अर्धा ‘नामंजूर’. विषय कितवा चाललाय हे दोन्ही अर्ध्यांना ठाऊक नसतं. आमचं मंडळ काही सहकारी संस्था नाही. गणपती बसवणं, वर्गणी गोळा करणं आणि रंकाळ्यावर बसून पुढच्या वर्षीच्या गणपतीबद्दल बोलणं एवढाच आमचा कारभार. पण सभा मात्र आम्हाला कारखान्यासारखीच लागते. इतिवृत्त वाचून कायम करतात, अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळचे विषय येतात आणि शेवटी वडा-कट.

मी एक पान लिहून नेलं होतं. मोबाईल असला हिशोब काही काढून देत नाही, तेव्हा चार रात्री अंगठा झिजवून मागं मागं जात मीच मोजलं होतं. काढलेले मेसेज दोनशेच्या वर. समज दिलेले सभासद पंधरा-वीस. बाहेर काढलेले सहा, पैकी परत घेतलेले पाच, कारण त्या पाचांच्या आया माझ्या बायकोच्या भिशीत आहेत. हे शेवटचं कारण पानावर नव्हतं.

वाचून झालं. मी कागदाची घडी घालणार, एवढ्यात पहिल्या रांगेतून वही उघडल्याचा आवाज आला. आबा.

आबा म्हणजे निवृत्त गटसचिव. करवीर तालुक्यातल्या विकास सेवा संस्थांची दप्तरं लिहिण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही, म्हणून आता दिसेल ते तपासतात. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस पिळून झाली की फेस बसेपर्यंत माप हातात घेऊन उभा राहणारा आणि बसला की ‘आता घाल वरनं’ म्हणणारा माणूस. त्यांच्या हातात मोबाईल असतो तो फक्त कानाला लावायला. बीजीएमआय ही एखादी बँक असावी असा त्यांचा परवापर्यंत समज होता.

“दोनशेच्या वर म्हंजे किती?” आबांनी विचारलं.

“आबा, अंदाजे...”

“अंदाजपत्रक वायलं, ताळेबंद वायला. वर म्हंजे हवेत किती?”

मी म्हटलं, दोनशे दहा धरा.

“धरा न्हाई. बरं. आरंभीची शिल्लक?”

“कसली?”

“शिव्यांची. गेल्या सालच्या किती फुडं ओढल्या?”

मी समजावलं की काढून टाकलेला मेसेज पुढं ओढायचा नसतो. तो गेला.

“गेला म्हंजे कुठं गेला? जमा झालेली चीज खर्ची पडाय पायजे. का निर्लेखित केलासा? केला असंल तर सभेची मंजुरी दावा.”

मागच्या रांगेतल्या एका पोराला माझी दया आली असावी. तो म्हणाला, “आबा, मेसेज काढला की तिथं एक ओळ ऱ्हाती, ॲडमिननं काढला म्हणून.”

आबांनी चष्मा काढला. एवढा आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर नातवाच्या बारशालाही बघितला नव्हता. “म्हंजे किर्दीत खाडाखोड! आन् खाली सही ह्येचीच!”

सभा हलली. कोल्हापूरच्या माणसाला गेम कळो न कळो, दप्तरातली खाडाखोड झोपेतही कळते. “खाडाखोडीखाली मूळ आकडा दिसाय पायजे,” आबा उभे राहिले. “मूळ काय हुतं त्ये वाचून दावा.”

आणि सगळा हॉल ‘वाचा! वाचा!’ म्हणून ओरडायला लागला. उजव्या बाजूला महिला सभासद बसल्या होत्या. माझी मावशी बसली होती. मी हात जोडून नकार दिला. तेव्हा एक तरतरीत पोरगा, याला मी दोनदा समज दिलेली, ‘माझ्या ध्यानात हाय’ म्हणत पुढं आला आणि त्यानं माईक हातात घेऊन तीन मेसेज तोंडपाठ म्हणून दाखवले, चालीसकट. शाळेत याला पाढे येत नव्हते. तिसऱ्याला अध्यक्षांनी पाणी मागवलं. मावशीनं पदर तोंडाला लावला, पण खांदे हलत होते.

आबा मात्र शांतपणे लिहून घेत होते. लिहून झाल्यावर त्यांनी मान वर केली. “ही कुणी कुणाला दिल्ती?”

नावं सांगितली.

“मग घेतली त्येच्या नावे टाका, दिली त्येच्या जमा. त्येनं परत दिली असंल तर खातं मिटलं. तेरीज मारली, म्हंजे दोन्हीकडच्या बेरजा मांडल्या, की आपोआप जुळतंय. ह्यात अवघड काय हाय?”

मी म्हटलं, “आबा, एकानं सगळ्या ग्रुपलाच एकदम घातली होती. ती कुणाच्या नावे टाकू?”

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. “लाभांश म्हणून वाटा. सभासदाला सारखा.”

टाळ्या पडल्या. टाळ्या! सहा वर्षं मी रात्री उठून ही घाण निस्तरतोय. मला कधी कुणी टाळी वाजवली नाही.

मग मी शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, असे अहवाल जगभर निघतात, मी काही वेगळं केलेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स गेमवाल्यांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिला अहवाल काढला, त्यात सहा महिन्यांत ४३ लाखांच्या वर बनावट खात्यांवर कारवाई केल्याचं लिहिलं होतं.

“त्रेचाळीस लाख बोगस सभासद!” आबा खुर्चीत मागं रेलले. “मग निवडणुकीत त्येंचं पॅनेल पडंल कसं?”

मी पुढं सांगितलं की २०२३ पासून त्यांच्यात ठपके मोजतात. वाईट बोलला की ठपका, आठ ठपके भरले की वर्षभर बोलणंचालणं बंद. आबांना हे अजिबात पटलं नाही. आठ होस्तवर संचालक मंडळ काय झोपलंतं का, आमच्यात एवढ्यात जप्तीची नोटीस गेली असती. मी म्हटलं, सरकारचे समाजमाध्यमांसाठी २०२१ चे नियमही आहेत, पण दर महिन्याला अहवाल द्यायचा तो ५० लाखांच्या वर वापरणारे असलेल्या कंपन्यांनी. आमच्यात दीडशेसुद्धा नाहीत. त्यातलं आबांनी सोयीचं तेवढं घेतलं. “म्हंजे नियम हाय. आन् दर म्हैन्याला हाय.” वहीत रेघ.

एवढ्यात कुणीतरी उठून विचारलं की सरकारनं गेम बंद केले न्हवं, मग स्पर्धा कशी घेता? इथं अर्धा तास गेला. ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदी आली ती पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे स्पर्धा म्हणून खेळायच्या गेमना, उलट मान्यता दिली, हे मी तीन प्रकारे सांगितलं. विचारणारा माणूस ‘व्हय व्हय’ म्हणाला आणि बसताना शेजाऱ्याला म्हणाला, “बंदच हाय त्ये.”

आयांचा प्रश्न तर वेगळाच. बीजीएमआयमध्ये अठराच्या आतल्यांना दिवसाला तीनच तास खेळता येतं. त्यामुळं पोरं आजोबांचा नंबर आणि आजोबांचं वय लावून खेळतात. कागदोपत्री आमच्या पेठेत सगळ्यात जास्त हेडशॉट ज्येष्ठ नागरिक मारतात. आणि आया रात्री बाराला मला फोन करतात, ‘भावजी, तेवढं त्याला झोपायला सांगा की.’ मी कोण? मी ग्रुपचा ॲडमिन आहे, अंगाई गाणारा नाही. पण सांगतो. मग तो पोरगा ग्रुपवर माझ्याबद्दल लिहितो, मग तेही मीच काढतो आणि आबांच्या वहीत ते माझ्याच नावे पडतं.

कारण त्या दिवशी निष्कर्ष निघाला तो असा. आबा म्हणाले, “आदल्या साली कमी काढलं, औंदा जास्त. म्हंजे ह्येचाच सोभाव तापट झालाय.” मंजूर! आदल्या साली कमी होते तेव्हा ‘ॲडमिन झोपा काढतो’ म्हणून हेच लोक बोलत होते. आकडा वाढला तर मी तापट, घटला तर मी आळशी. शिव्या देणाऱ्याचं नाव कुठल्याच रकान्यात नाही. माझा एक वकील मित्र सांगतो की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्येच निकाल दिलाय : सभासदानं आक्षेपार्ह काही टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही. नागपूर इथून लांब आहे.

मला खरं एक वेगळाच आकडा वाचायचा होता. आपणहून निघून गेलेले. त्यात एक मुलगी होती, आमच्याच गल्लीतली, पेठेतल्या निम्म्या पोरांपेक्षा नेम चांगला. तिला कुणी शिवी दिली नाही. कुणी आवाजावरून काही बोललं, कुणी ‘स्वयंपाक झाला का’ विचारलं, कुणी हसण्याची चित्रं टाकली. त्यातलं एकही वाक्य एवढं मोठं नव्हतं की ते काढावं आणि नियमात बसवावं. एका रात्री ती गेली. तक्रार नाही, मेसेज नाही, कुठल्या बेरजेत नाही. ज्यांनी तिला घालवलं त्यांचाही एक मेसेज काढलेला नाही, म्हणजे माझ्या अहवालात ती पोरं सज्जन. मी हे सभेत सांगितलं. आबांनी वही चाळली आणि म्हणाले, “तिला अक्रियाशील सभासदात दावा.”

सभेला हसू आलं. मला आलं नाही. खरं म्हणजे तिथंच कागद टाकून निघून यायला पाहिजे असं वाटत होतं, पण तोवर वडा-कटाचं पातेलं आत आलं होतं आणि दाराशी गर्दी झाली होती.

तर ठराव झाला. शिवाय ऐनवेळच्या विषयात आबांना ग्रुपचे अंतर्गत तपासनीस नेमलं गेलं. त्यांच्या मुलानं त्यांना नवा मोबाईल घेऊन दिला आणि सोमवारी मी त्यांना ग्रुपात घेतलं. बाहेर काढलेल्या सहांपैकी जो एक अजून बाहेर आहे, त्याचं सिम आबांच्या नावावर आहे, नातू वापरतो. हे मी सभेत बोललो नाही. परिशिष्ट ‘अ’ म्हणून जोडणार आहे.

आबा आता रोज पहाटे पाचला ग्रुपवर फुलाचा फोटो टाकतात. मंगळवारी जास्वंद, बुधवारी कमळ, खाली ‘शुभ सकाळ’ आणि एक सुविचार. आमचा नियम तीन सांगतो की खेळाशी संबंध नसलेला मजकूर काढावा. रात्री तीनला झोपलेली पोरं पाचच्या टुंग आवाजानं उठतात आणि मला लिहितात, दादा, आम्हाला एक न्याय आणि म्हाताऱ्याला एक?

आज गुलाब आला होता. मी काढला. साडेपाचला फोन वाजला.

“आमचं फूल कुठल्या खात्याला टाकलासा?”