पाळण्यातला पापी

शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या शरणपूर रोडच्या कट्ट्यावर डॅनी आला तो मोबाइल पुढे धरूनच. "२६ मिनिटं. काल २९ होती."

आम्हाला वाटलं, पळायला लागला की काय. पोट बघता शक्यता कमीच होती.

"एझ्रा रडला ती मिनिटं," तो म्हणाला. "लिहून ठेवतोय. आता मन मोडायला लागलंय."

"कोणाचं?" मार्थानं विचारलं. "बायकोचं तर परवाच मोडलेलं दिसलं."

मागच्या रविवारी उपासनेला आलेले पाहुणे वक्ते काय बोलून गेले ते सगळं सांगत बसत नाही, अर्ध्या मंडळीनं व्हिडिओ फिरवलाच आहे. डॅनी तेव्हापासून पेटलाय. त्यांचं म्हणणं, मूल रडतं म्हणजे आतला जुना आदाम, म्हणजे जन्मजात पापी स्वभाव, जागा आहे. वर्षाच्या आत त्याचा हट्ट मोडला नाही, तर पुढे ते देवाचंही ऐकणार नाही. डॅनीचं पोर सात महिन्यांचं. त्यातला आदाम अजून रांगायलासुद्धा लागलेला नाही.

"नीतिसूत्रं, तेरावा अध्याय, चोविसावं वचन," डॅनीनं बोट वर केलं. हे बोट त्यानं त्या वक्त्यांकडूनच उचललंय. "जो आपली छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी होय."

"तान्ह्या पोराला छडी?" अन्याचा चहा सांडला. "अरे, आता तर शाळेत मास्तरलाही परवानगी नाही भो."

"छडी म्हणजे तशी नाही रे. रडला तरी उचलायचं नाही, हीच छडी."

मार्था मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. रात्रपाळीला जायच्या आधी एक कटिंग घेते आणि तेवढ्यात आमची धुलाई करून जाते. "मग तेविसावं स्तोत्र काढ. तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात. धीर, डॅनी! रस्त्यानं धनगर मेंढरं घेऊन जातात तेव्हा बघ जरा. काठी उगारतो ती कुत्र्यावर. कोकरू तर त्याच्या खांद्यावर बसलेलं असतं."

"तू शास्त्र सोयीनं वाचतेस."

"आणि तू व्हिडिओ."

डॅनीनं मग ठेवणीतलं काढलं. सुझॅना वेस्ली, मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींची आई. १७३२ साली मुलाला लिहिलेल्या पत्रात तिनं म्हटलंय की तिची मुलं वर्षाची झाली की, काही तर त्याआधीच, छडीला भ्यायला आणि हळू रडायला शिकली. घरात रडण्याचा आवाज म्हणून नसायचा. "आणि त्याच घरातून एवढे मोठे देवाचे सेवक निघाले!"

हे खरं आहे, तिनं तसं लिहिलंय. मी जरा गप्पच झालो.

मार्था झाली नाही. "तिची बाळंतपणं किती?"

"१९."

"जगली किती?"

"दहा."

"मग त्या बाईला घरात शांतता हवी होती, आणि ती तिची कमाई होती. तुला एकच पोर आहे, तेही बायको सांभाळते."

अन्या पंचवटीचा. त्याला यातलं काही कळत नाही, पण गप्प बसणं त्याच्या रक्तात नाही. "आमच्याकडे पोर रडलं की आजी मीठ-मोहरी ओवाळते. दृष्ट उतरते का माहीत नाही, पण पोर तेवढा वेळ तिच्या हाताकडे बघत बसतं."

"अंधश्रद्धा!" डॅनी ओरडला.

"असू दे," मार्था म्हणाली. "निदान ती उठून पोरापाशी तरी जाते."

जोसेफकाका आतापर्यंत पेपरात होते. त्यांनी आम्हा सगळ्यांना संडे स्कूलला शिकवलंय, आणि शरणपूरचा विषय निघाला की ते दीडशे वर्षं मागे जातात. परवाही गेलेच. इथं मिशनच्या शाळेत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं होती, आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी लिव्हिंग्स्टनच्या शवाबरोबर १८७४ मध्ये इंग्लंडला गेलेला जेकब वेनराईट इथंच शिकला, वगैरे. आम्हाला पाठ आहे. पण या वेळी ते मध्येच थांबले. "ती पोरं रात्री रडत असतील ना रे? कोणत्या भाषेत हाका मारत असतील?" मग चष्मा पुसत बसले.

डॅनीला ते पुसणं मानवलं नाही. "काका, अब्राहामाच्या दासीनं, हागारनंसुद्धा आपल्या रडणाऱ्या इष्माएलला झुडपाखाली ठेवलं आणि बाणाच्या टप्प्याएवढी लांब जाऊन बसली. आहे की नाही उत्पत्तीत?"

"आहे. पोराचं मरण बघवेना म्हणून बसली," मार्था म्हणाली. "तू हॉलमध्ये मॅच बघायला बसतोस. आणि पुढचं वचन वाच की. देवानं मुलाची वाणी ऐकली. ती ऐकावी असं त्या पोराचं नावच होतं. इष्माएल म्हणजे देव ऐकतो."

"इष्माएल तेव्हा निदान चौदा वर्षांचा असणार," काकांनी चष्म्याआडून दुरुस्ती केली. "हिशेब करा. तो झाला तेव्हा बाप अब्राहाम ८६ चा, धाकटा भाऊ इसहाक झाला तेव्हा १०० चा, आणि हे त्यानंतरचं."

"बघा! चौदाव्या वर्षीसुद्धा ऐकलं. याला सातव्या महिन्यातच शेवटची संधी."

डॅनी हरत चालला की आवाज चढवतो. "बाळ येशू तरी कधी रडला का? नाताळच्या त्या इंग्रजी गाण्यात स्पष्ट आहे, गुरं हंबरतात, बाळ जागं होतं, पण रडत नाही!"

"ते लिहिणाऱ्यानं रात्रपाळी केली नसणार," मार्थानं ग्लास ठेवला. "गव्हाणीत ठेवलेलं नुकतं जन्मलेलं पोर दचकून उठलं आणि रडलंच नाही, तर आम्ही डॉक्टरांना हाक मारतो."

इथं तिला टाळी मिळाली. मी दिली. माझी मुलगी उपासनेत इतकी रडायची की दोन वर्षं मी उपदेश बाहेर चिंचेखाली उभा राहून ऐकला. तरी तेव्हाचे उपदेश मला आतल्यांपेक्षा जास्त आठवतात.

"म्हणजे लाडावूनच ठेवायचं का?" डॅनी खाली आला होता. "सहा महिन्यांनंतर थोडं रडू द्या, असं डॉक्टरही म्हणतात ना?"

"म्हणतात. झोपेचं वळण लाव की, कोण नको म्हणतंय? पाच-दहा मिनिटं कुरकुरू देणारे आईबाप मला रोज भेटतात, चांगली माणसं असतात. पण भुकेला, दाताला, ओल्या लंगोटाला तू पाप म्हणायला लागलास. बरं झालं, पहिल्या तीन महिन्यांत हे सुचलं नाही. सहाव्या आठवड्याच्या आसपास पोरं सगळ्यात जास्त रडतात, मग आपोआप उतरतं. तू त्याचं श्रेय मोबाइलला दिलं असतंस."

मग जरा हळू म्हणाली, "आणि कधी फारच संताप आला, तर त्याला पाळण्यात पाठीवर निजव आणि बाहेर ये. मला फोन कर, कितीही वाजले असू देत. पण गदागदा हलवायचं नाही. मेंदूत रक्तस्राव होतो."

थोडा वेळ कट्ट्यावर फक्त स्टोव्हचा आवाज होता.

अन्याला हे सोसत नाही. "काका, रडण्यावरून आठवलं. २०१५ चा कुंभ, दुसरी पर्वणी. हा रामकुंडापाशी हरवला होता. वय २४! भोंग्यावर काय पुकारलं माहितीये? डॅनियल, निळा टी-शर्ट, उंची पाच फूट दहा इंच, असेल तिथून हरवले-सापडले केंद्रात यावे. मी गेलो तर हा खुर्चीवर बसून मुसमुसतोय, एक हवालदार पाठ थोपटतोय आणि दुसरा पार्लेजी भरवतोय."

"डोळ्यात भस्म गेलं होतं!"

"दोन्ही डोळ्यांत?"

"त्या हवालदारानं आधी २६ मिनिटं मोजायला हवी होती," मार्था म्हणाली.

डॅनी लालबुंद. आणि मग त्यानं ते केलं, जे तो संडे स्कूलमध्ये दरवर्षी करायचा. पाठांतराच्या स्पर्धेत काकांनी वचन विचारलं की हा उठून योहानाच्या अकराव्या अध्यायातलं पस्तिसावं म्हणायचा, दोन शब्दांचं, आणि चिक्की घेऊन बसायचा. काकांचा तो राग अजून गेलेला नाही.

"मग काय झालं?" तो छाती काढून म्हणाला. "येशू रडला!"

"चिक्की मिळणार नाही," काका पेपरातून म्हणाले.

अन्याला ठसका लागला. मार्था हसत हसत स्कूटीकडे गेली, पैसे न देताच. ते डॅनीनं दिले, सहा कटिंगचे.