खेकड्याच्या पाकिटाला दोन तारे देणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, नमस्कार. प्रतापनगरचं दुकान माझं आहे, म्हणून उत्तर मीच लिहितोय.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : फलकावर "खोल, थंड समुद्रातला स्नो क्रॅब, 100 ग्रॅममध्ये 24 ग्रॅम प्रोटीन" वाचून आखाडीसाठी अर्ध्या किलोचं पाकीट नेलं. मांस मूठभर निघालं, रस्सा खारट झाला, बाबांना बीपी असूनही मिठाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. एका पायात निळसर डाग दिसला, म्हणजे माल शिळा. यापेक्षा गावच्या बांधीतला खेकडा बरा.

आधी मिठाचं, कारण तिथे चूक सरळ माझी आहे. हा खेकडा आपल्याकडे येतो तो उकडलेला, आणि पुष्कळदा मिठाच्या गार पाण्यातच गोठवलेला. शिजलेल्या 100 ग्रॅम मांसात सोडियम 690 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाचं 2000च्या आत ठेवायला सांगते. तुमचा अभिप्राय वाचल्यावर मी तसंच पाकीट उघडलं, वरचा बर्फाचा थर वितळू दिला, पाय सोलले आणि तोललं. मांस भरलं 230 ग्रॅम. म्हणजे सोडियम 1600च्या जवळ. दोघांनी वाटून खाल्लं तरी प्रत्येकी 800, आणि त्यावर रश्शात नेहमीचं मीठ पडलं. बीपीच्या माणसासाठी नेताय का, हे आम्ही विचारायला हवं होतं. मनापासून माफी मागतो.

प्रोटीनचा आकडा खोटा नाही, पण तो सोललेल्या मांसाचा आहे. तुम्ही अर्ध्या किलोचा हिशेब केलात तर जवळपास 120 ग्रॅम येतात. ताटात पडले 54. कवच आणि बर्फ आम्ही तोलून विकतो आणि आकडा मात्र मांसाचा लावतो, हे ग्राहकाला फसवल्यासारखंच आहे. आणि नुसतं प्रोटीनच हवं असेल तर ताई, कोंबडी घ्या. स्वस्तही पडेल, भरेलही जास्त.

मग हा खेकडा का ठेवतो? 100 ग्रॅममध्ये चरबी जेमतेम दीड ग्रॅम, त्यातही अर्ध्या ग्रॅमच्या आसपास ओमेगा-3. बी-12 सुमारे 10 मायक्रोग्रॅम, जिथे दिवसाची गरज अडीचच्या आतबाहेर. शिवाय जस्त आणि सेलेनियम. कोलेस्ट्रॉल 70 मिलिग्रॅमच्या घरात. एका मोठ्या अंड्यात 180च्या पुढे असतं.

निळसर डागाचं मात्र मला पटत नाही. आपल्या रक्तात लोह, तसं खेकड्याच्या रक्तात तांबं असतं, आणि उकडल्यावर मांसावर कधी कधी त्याची निळसर छटा राहते. शिळा खेकडा नाकाला कळतो, अमोनियासारखा उग्र वास मारतो. तसा वास आला असेल तर जरूर सांगा, मी त्या पेटीतला सगळा माल काढून टाकेन.

चवीबद्दल तुमच्याशी सहमत आहे. मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या बांधीतले खेकडे खातच वाढलो. आई पायांची टोकं पाट्यावर वाटून, पाणी गाळून रश्शात घालायची. पाठीच्या कवचाखालचा पिवळट गाभाही त्यातच जायचा, आणि चरबी व चव खरी तिथेच असते. या पाकिटात फक्त पाय येतात, तो गाभा नसतो. मग सावजी रश्शाला ती चव यायची कुठून? त्यात आधीच उकडलेलं मांस पुन्हा वीस मिनिटं उकळलं की दोरीसारखं होतं. ते रश्शात शेवटी घालून चार-पाच मिनिटं गरम करायचं, एवढंच. गावचा खेकडा मात्र कधीच कच्चट ठेवू नका. गोड्या पाण्यातल्या खेकड्यातून फुप्फुसाचा कृमी माणसात येऊ शकतो.

फलक कालच बदललाय. आता त्यावर सोललेल्या मांसाचं वजन, सोडियमचा आकडा, "बीपी असल्यास आधी विचारा" आणि खेकड्याच्या अ‍ॅलर्जीची सूचना आहे. पाकिटाचे पूर्ण पैसे परत न्या, बिल नसलं तरी चालेल. आणि बाबांसाठी त्या दिवशी रोहू मी स्वतः साफ करून देईन; गोड्या पाण्यातला मासा, त्यात मीठ तुम्ही घालाल तेवढंच.