‘सातशे रुपये पाण्यात’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमच्या दोन स्टारच्या अभिप्रायात तीन तक्रारी आहेत. जुलैमध्ये ७०० रुपये देऊन आमच्याकडे केलेला ब्लो-ड्राय वेंगुर्ल्याहून स्कूटरने शिरोड्याला पोचेपर्यंत फुलला. मग आमच्या पार्लरमधल्या मुलीने दाखवलं तसंच घरी करून पाहिलं तर जळका वास आला, केस ‘केरसुणीसारखे’ झाले आणि ड्रायर मध्येच बंद पडला. आणि तिसरी, ‘सीरम खपवायलाच हे सगळं शिकवतात’. पहिल्या तक्रारीत चूक आमची आहे. दुसरीत थोडी आमची, बरीचशी ड्रायरची आणि घाईची. तिसरी मान्य नाही.

तुम्ही टाकलेला फोटो मोठा करून पाहिला. वरचा थर सरळच आहे. फुगलेत ते मानेवरचे आणि कानामागचे केस. याचा अर्थ एकच, तिथे ओल राहिली होती. केसाला पाणी लागलं की आतले हायड्रोजन बंध, म्हणजे केसाला आकार देणारे नाजूक जोड, सुटतात आणि सुकताना केस ज्या आकारात धरलेला असेल त्या आकारात पुन्हा जुळतात. ब्लो-ड्राय म्हणजे एवढंच. अर्धवट सुकलेली बट अजून ‘जुळायची’ असते. ब्रश सुटला की ती आपल्या मूळ वळणावर जाऊन सुकते. एसीच्या खोलीत हे लक्षात येत नाही. बाहेर पावसाळी हवेत ८५-९० टक्के दमटपणा, त्यात तासाभरात उघडं पडतं. गरम केस हाताला कोरडाच वाटतो, म्हणून थंड हवा मारून मग हाताच्या पाठीने तपासायचं असतं. गार-गार लागलं तर ओल आहे. ते आमच्याकडून राहिलं. शिवाय पावसात स्कूटरवर जाणाऱ्या बाईला केस मोकळे सोडून पाठवायचे नसतात. सैल वेणी, वर सॅटिनचा रुमाल, वेणी रेनकोटच्या आत, हेही सांगायला हवं होतं. त्या दिवशीचे ७०० रुपये परत करतो.

आता घरचं. तुम्ही लिहिलंत, ‘टॉवेल सोडला, फुल हीटवर दहा मिनिटांत उरकलं.’ कमरेपर्यंतच्या दाट केसांना दहा मिनिटं पुरत नाहीत, पुरली तर केसाच्या जिवावर पुरतात. चिंब केसावर जवळून कडक हवा मारली की आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या दांड्यात बुडबुडे धरतात. तिथे केस पोकळ होतो आणि मध्येच तुटतो. तो खरखरीतपणा तेलाने किंवा मास्कने भरून येत नाही, तेवढा भाग कापावाच लागतो. तुमची टोकं अशी झाली असतील तर दोन बोटांएवढे केस कापून घ्या, उगाच जपू नका.

अंतराचं महत्त्व आकड्यांत सांगतो. २०११ साली कोरियातल्या संशोधकांनी ड्रायरचं अंतर बदलून केस तपासले होते. १५ सेंटिमीटरवर तापमान ४७ अंश, १० वर ६१ आणि ५ वर ९५ अंश सेल्सिअस. जवळ नेलं तसं केसाचं वरचं आवरण जास्त खराब झालं. पण नुसते हवेवर सुकवलेले केसही सुटले नाहीत, कारण तासन्‌तास ओलं राहिल्याने आतल्या थरांवर परिणाम दिसला. १५ सेंटिमीटर म्हणजे शाळेतली छोटी पट्टी. तेवढं अंतर ठेवा आणि ड्रायर सतत हलता ठेवा.

तुमच्या केसांसाठी आम्ही असं करू: धुतल्यावर जाड टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, सुती पंचा गुंडाळून दाबायचं. पंचा ओला झाला की दुसरा. रुंद दातांच्या कंगव्याने टोकापासून वर गुंता काढायचा. मग पंख्याखाली ६०-७० टक्के सुकू द्यायचे; पावसाळ्यात याला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर ब्रश न लावता, मध्यम हीटवर, बोटांनी मुळं उचलत सुकवा. पुढचं काम ४० मिनिटांचं आहे हे धरूनच बसायचं. कपाळापासून मानेपर्यंत एक भांग, कानापासून कानापर्यंत दुसरा, असे चार भाग करून चिमटे लावायचे. सुरुवात मानेपासून, कारण तिथलेच केस राहतात. एका वेळी बट ब्रशच्या रुंदीपेक्षा मोठी नको. ड्रायरच्या तोंडाला बसणारं चपटं नॉझल लावलेलंच हवं आणि हवेचं तोंड मुळाकडून टोकाकडे. केसावरचे खवले कौलांसारखे टोकाकडे झुकलेले असतात; खालून वारा गेला तर ते उचकटतात आणि चमक जाते. तुमच्या वर्णनात ‘सगळीकडून हवा मारली’ असं आहे, केरसुणी तिथेच झाली.

गोल धातूचा ब्रश आमच्या मुलीने दाखवला, ती तिची चूक. तो तापून इस्त्रीसारखा चटका देतो आणि इतक्या लांब केसांत दोनदा गुंडाळला की अडकतो. घरी चपटा कुशनचा ब्रश पुरे. बट ताणून धरायची, ब्रशमागून ड्रायर न्यायचा. बट कोरडी झाली की थंड हवेचं बटण १०-१५ सेकंद दाबून तिला त्याच ताणात गार होऊ द्यायचं. कोकणात ही पायरी वगळली तर आधीची सगळी मेहनत वाया. शेवटी पाच-दहा मिनिटं केसांना हातच लावायचा नाही.

जळका वास आणि बंद पडणं हा मात्र ड्रायरचा दोष. मागची जाळी पाहिलीत का? तिथे केस आणि धूळ बसते, समुद्रकाठी जाळी गंजतेही. हवा आत कमी गेली की कॉइल जास्त तापते, अडकलेली धूळ जळते आणि आतला थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापलं की वीज तोडणारा भाग, ड्रायर बंद करतो. प्लग काढून १५ मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने जाळी साफ करा. दर पंधरा दिवसांनी करा. तरी वास आला तर तो ड्रायर वापरू नका.

दुसरी गोष्ट प्लगची. १८०० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टला जवळजवळ ८ अँपिअर ओढतो. तो ६ अँपिअरच्या साध्या सॉकेटला लावला की सॉकेट तापतं. मिक्सर-टीव्हीच्या पॉइंटवर नको, गिझर-इस्त्रीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरच. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत पडलं तर त्याच ड्रायरची ताकद ११०० वॅटच्या आसपास येते, हवेचा जोरही पडतो. ‘जोर नव्हता म्हणून जवळ धरला’ असं तुम्ही लिहिलंय; अशा वेळी जवळ धरू नका, वेळ वाढवा. शक्यतो सकाळीच करा. घरगुती इन्व्हर्टरवर ड्रायर लावायचाच नाही.

पाण्याला दोष द्यावा का, असंही विचारलंत. जुलैत नाही, विहिरी तेव्हा गोड असतात. एप्रिल-मेमध्ये खाडीकाठच्या विहिरी मचूळ होतात, आणि तुमचा तर मिठागरांचाच गाव. केसावर राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, मग केस चिकट आणि जड होतात. त्या दोन महिन्यांत शेवटची दोन तांबे धुवणी पिण्याच्या पाण्याने करा.

सीरमबद्दल. बाटली आमच्याकडूनच घ्या असं कोणी म्हटलं असेल तर माफी मागतो. पण वस्तू लागते. बाटलीवर डायमेथिकोन किंवा अमोडायमेथिकोन (दोन्ही सिलिकोनचे प्रकार) लिहिलेलं कुठलंही घ्या, ते उष्णता केसात शिरण्याचा वेग कमी करतं. ओलसर केसांवर चार थेंब, कानाखालून टोकापर्यंत, मुळांना नाही. त्याऐवजी खोबरेल चालणार नाही. खोबरेल धुण्याआधी उत्तम, प्रथिनं वाहून जाणं कमी करतं. पण ड्रायरच्या आधी लावलं की बटा एकमेकींना चिकटतात आणि आतली ओल अडकते.

गौरी-गणपतीला केस मोकळे ठेवणार असाल तर गजऱ्याकडे लक्ष द्या. फुलवाल्याने पाणी शिंपडलेला वळेसर तसाच माळला तर त्याच्याखालचा पट्टा तेवढाच फुलतो. आधी पंच्यावर कोरडा करून घ्या.

मंगळवार ते गुरुवार सकाळी ११ च्या आधी कधीही या, मानेवरचे केस तुमच्याच ड्रायरने पुन्हा करून दाखवतो, पैसे नाहीत. केस घरून धुऊन येऊ नका, तेल असलं तरी चालेल. ड्रायर आणि तो ब्रश आठवणीने आणा, जाळी इथेच उघडून पाहू.