आधी नवऱ्याची तपासणी करा

लग्न झालं तेव्हा मी ३८ चा, ही ३१ ची. दोन वर्षं दिवस राहिले नाहीत, तर नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यांच्या पायऱ्या एकट्या हिनंच झिजवल्या. सोनोग्राफी, रक्त, मग गर्भाशयाच्या नळ्या उघड्या आहेत का ते बघायचा एक्स-रे. त्या दिवशी ऑटोत ती पोट धरून बसली होती. घरी आई म्हणाली, "सूनबाईचं वय झालं ना बाप्पा." माझं वय कोणी काढलंच नाही. त्या डॉक्टरांनीही नाही.

माझ्या वीर्याची तपासणी झाली तेव्हा लाज वाटली, इतकी ती सोपी होती. तीन दिवस संयम आणि एक प्लास्टिकची डबी. डिसेंबरची थंडी, म्हणून डबी शर्टाच्या आत अंगाला लावून मानेवाड्याहून तासाभरात लॅबमध्ये पोचवली. शुक्राणूंची संख्या ठीक होती, पण हालचाल करणारे १९ टक्केच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मापानं निदान ४२ हवेत.

पुरुषाला वय नसतं, असं आपण धरूनच चालतो. शुक्राणू म्हातारपणीही बनतात, हे खरं. पण चाळिशीनंतर त्यांची चाल मंदावते, डीएनए जास्त तुटतो, दिवस राहायला वेळ लागतो, गर्भपाताचा धोका वाढतो. शुक्राणू बनवणाऱ्या पेशी जन्मभर विभागत राहतात, नक्कल करताना चुका साठतात. बापाच्या वयाच्या दर वर्षामागे बाळात साधारण दोन नवे जनुकीय बदल वाढतात. बहुतेक निरुपद्रवी, पण सगळे नाही. टेस्ट ट्यूब बेबीच्या कायद्यातही पुरुषाला ५५ ची मर्यादा आहे.

वय तर मागे नेता येत नाही. पण माझ्या वयाच्या जोडीला खर्राही होता. ऑफिसखालच्या ठेल्यावर पन्नीत घोटलेली तंबाखू-सुपारी, दिवसाला चार. तंबाखूनं शुक्राणू खराब होतात. नवे तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून तीन महिने खर्रा बंद करून पुन्हा तपासायचं ठरलं. आणि भावांनो, मूल हवं असताना जिममध्ये कोणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन देऊ केलं तर घेऊ नका. त्यानं शुक्राणू बनणंच बंद पडू शकतं.

मार्चमधला रिपोर्ट ३१ टक्के. गोड बातमी अजून नाही. हिची मी माफी मागितली, तर म्हणाली, "माफी राहू द्या. तो कागद आईंना दाखवा."

काल दाखवला. आईनं चष्मा लावला, दोनदा वाचला आणि उठून स्वयंपाकघरात हिच्याजवळ जाऊन उभी राहिली.