सहा जणांची इम्युनिटी खरोखरच वाढली होती

मावशीने परवा पाठवलेला मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. कोविडपासून तो शब्द बदलून फिरतोच आहे. सार असं: इम्युनिटी म्हणजे शरीराची बॅटरी, जितकी चार्ज तितकी चांगली. शास्त्रज्ञांना पांढऱ्या पेशींवर एक ‘बटण’ सापडलंय, ते दाबलं की पेशी लढायला निघतात. अमुक काढ्याने ते चालू होतं. आणि सगळं नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य. यातलं बटण खरं आहे, म्हणूनच उत्तर लिहायला बसलो. निव्वळ थाप असती तर सोडून दिली असती.

बटणाचं नाव सीडी२८. टी पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) यांच्या पृष्ठभागावरचं हे प्रथिन म्हणजे गंधकाच्या बंधाने जोडलेल्या दोन सारख्या साखळ्या. पेशीबाहेर प्रत्येकीची एक घडी, अँटिबॉडीत असते तशीच. मग पेशीपटलातून आरपार जाणारा तुकडा. आणि आत जेमतेम ४१ अमिनो आम्लांचं शेपूट. बाहेरच्या घडीच्या एका वळणावर सहा अमिनो आम्लं ओळीने येतात: मेथिओनिन, टायरोसिन, तीन प्रोलिन, पुन्हा टायरोसिन. टी पेशीला जंतूचे तुकडे दाखवायला समोर आलेल्या पेशीवरचं सीडी८० किंवा सीडी८६ हे प्रथिन येऊन टेकतं ते इथेच. मग आतल्या शेपटावर फॉस्फेट चढतं, त्याला पुढची एन्झाइमं येऊन चिकटतात, आणि पेशी इंटरल्यूकिन-२ हे वाढीचा निरोप देणारं प्रथिन बनवून भराभर विभागू लागते.

पण ‘दाबलं की पेशी लढायला निघते’ हे चूक. बँकेच्या लॉकरला दोन किल्ल्या लागतात, तसंच इथे आहे. पहिली किल्ली टी पेशीच्या रिसेप्टरची: समोरच्या पेशीने दाखवलेला प्रथिनाचा तुकडा आपल्या ओळखीचा आहे का? सीडी२८ ही दुसरी. नुसती पहिली फिरली तर पेशी लढत नाहीच, उलट सुस्त पडते आणि नंतर बोलावलं तरी सहसा उठत नाही. हा दोष नव्हे. स्वतःच्याच शरीराचे तुकडे ओळखणाऱ्या काही टी पेशी तुमच्या-माझ्या अंगात आत्ताही फिरताहेत. त्यांना गप्प ठेवण्याच्या उपायांपैकी हा एक. हे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या डेंड्रायटिक पेशींवर सीडी८० आणि सीडी८६ भरपूर दिसू लागतात ते जंतूची चाहूल लागल्यावर. म्हणजे दुसरी किल्ली कधी फिरवायची हे ठरतं धोक्यावरून. सकाळी उपाशीपोटी काय प्यायलं यावरून नाही.

बॅटरीची उपमा तर अगदीच गैरलागू. टी पेशी जागी झाली की थोड्याच वेळात सीटीएलए-४ नावाचं दुसरं प्रथिन पृष्ठभागावर आणते. त्याचं आणि सीडी२८चं जनुक दुसऱ्या गुणसूत्रावर शेजारी-शेजारी. सीटीएलए-४ त्याच सीडी८० आणि सीडी८६ला सीडी२८पेक्षा कितीतरी घट्ट धरतं, म्हणजे ब्रेक. १९९५ मध्ये सीटीएलए-४चं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले, तेव्हा टी पेशी बेसुमार वाढून हृदयात, स्वादुपिंडात घुसल्या आणि पिल्लं तीन-चार आठवड्यांत मेली. फुल चार्ज! हाच ब्रेक कॅन्सरच्या रुग्णांत सैल करण्याच्या कामासाठी जेम्स अ‍ॅलिसन यांना २०१८चं नोबेल मिळालं. पण ब्रेक सैल करणाऱ्या औषधावरच्या रुग्णांच्या आतड्याला, यकृताला सूज येत नाही ना, यावर डॉक्टरांना सतत डोळा ठेवावा लागतो.

आणि बटण थेट दाबलं तर काय होतं, तेही माणसांत पाहून झालंय. १३ मार्च २००६, लंडनचं नॉर्थविक पार्क हॉस्पिटल. टीजीएन१४१२ या नव्या औषधाची चाचणी. ही अँटिबॉडी सीडी२८ला अशा बाजूने पकडायची की पहिल्या किल्लीची गरजच उरू नये. आठ निरोगी तरुण. दोघांना औषधाविना नुसता द्रव, सहा जणांना औषध, तेही दहा-दहा मिनिटांच्या अंतराने. मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, माकडांना सोसलेल्या मात्रेच्या पाचशेव्या हिश्श्याइतकी. दीड तासाच्या आत डोकेदुखी, पाठदुखी, उलट्या, ताप, रक्तदाब घसरला. मग फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. सहाही जण आयसीयूत. सगळे वाचले, पण एकाची पायाची बोटं आणि हाताच्या बोटांची टोकं गेली. गंमत म्हणजे (गंमत कसली!) चोवीस तासांत त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट (टी पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) जवळपास दिसेनाशा झाल्या. माकडांना काही झालं नव्हतं, कारण त्यांच्या ज्या अनुभवी टी पेशी इथे भडकायला हव्या होत्या त्यांच्यावर सीडी२८ नसतंच, हे पुढे कळलं. काढा खरंच हे बटण दाबत असता, तर तो आयसीयूच्या दारात बसून प्यावा लागला असता.

राहिलं ‘नैसर्गिक, म्हणून अपाय शून्य’. मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. याचा सीडी२८शी संबंध आहे असं मी म्हणत नाही. ‘शून्य’ हा शब्द तेवढा मागे घ्यावा.

आता मावशीचं. तिला आमवात आहे, म्हणजे तिच्या टी पेशी तिच्याच सांध्यांमागे लागल्यात. या आजारावर २००५ पासून अबाटासेप्ट नावाचं औषध मिळतं. सीटीएलए-४चा बाहेरचा भाग अँटिबॉडीच्या दांड्यावर बसवून ते बनवतात. ते सीडी८० आणि सीडी८६ आधीच अडवून ठेवतं, सीडी२८च्या हाती काही लागू देत नाही. मावशी ते घेत नाही, तिला आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट असतं. पण दिशा तीच, दाबून ठेवायची. आणि त्या गोळीपायीच तिच्या यकृताची तपासणी वरचेवर होते.

फोन केला. म्हटलं, “मावशी, काढ्याचं डॉक्टरांना सांगितलंस का?”

“अरे, त्यात काय सांगायचं? घरगुतीच तर आहे. गुळवेल, सुंठ, अजून काय काय आहे त्यात.”

पुढच्या तपासणीला बाटली सोबत न्यायचं कबूल केलंय.