एक रात्र मेरीची, एक एथेलची

'डाउन्टन ॲबी' ही विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका इंग्रज उमराव घराण्याची आणि त्यांच्या वाड्यातल्या नोकरांची ब्रिटिश मालिका पुन्हा पहिल्यापासून बघून काढली. मालिका मला मनापासून आवडते, पण या खेपेला एक गोष्ट डोक्यातून जाईना.

पहिल्या सीझनमध्ये तुर्की पाहुणा पामुक रात्री घराण्यातली मुलगी लेडी मेरी हिच्या खोलीत शिरतो आणि तिच्या पलंगावरच मरतो. मेरी, तिची आई आणि मोलकरीण ॲना मिळून प्रेत अंधारात त्याच्या खोलीत नेऊन ठेवतात. बोभाटा झाला तर मेरीचं लग्न जमायचं नाही! ॲना ते गुपित इमानाने जपते.

दुसऱ्या सीझनमध्ये त्याच वाड्यातली मोलकरीण एथेल एका मेजरबरोबर सापडते. तिच्यासाठी कुणी काही लपवत नाही. सकाळच्या न्याहारीच्या आत चालती हो, शिफारसपत्रही मिळणार नाही. पुढे मूल, हालअपेष्टा, देहविक्रय आणि शेवटी पोटचा पोर त्याच्या आजी-आजोबांच्या हवाली.

त्या काळी शिफारसपत्राशिवाय दुसऱ्या घरी काम मिळणं जवळपास अशक्य, आणि ते द्यायलाच हवं असं कायदा मालकाला सांगत नव्हता. म्हणजे एथेलची नुसती नोकरी नाही, पुढचं सगळं आयुष्यच काढून घेतलं. मालिका हे दाखवते, नाकारत नाही. पण मेरीच्या घुसमटीला सहा सीझन मिळतात आणि एथेलची कहाणी कुणा भल्या बाईने तिला कामावर ठेवलं की मिटते. दुसरी एक मोलकरीण, ग्वेन, हिला सेक्रेटरी व्हायचं असतं, तिथेही मेरीची बहीण लेडी सिबिल धावून येते. खालच्या मजल्यावर राबणाऱ्या बाईची सुटका दर वेळी वरच्या मजल्यावरच्या बाईच्या चांगुलपणावर का अवलंबून? हे मला खरंच खुपतं.

1918 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये बायकांना मत मिळालं, असं आपण सहज म्हणून जातो. ते मिळालं तिशी ओलांडलेल्यांना, तेही बहुतेक करून स्वतःच्या किंवा नवऱ्याच्या नावावर मालकीचं किंवा भाड्याचं घर असेल तरच. मालकाच्या माळ्यावर झोपणारी मोलकरीण यात कुठे बसणार? 21 वर्षांवरच्या सगळ्यांना मत मिळायला 1928 उजाडलं. मालिका त्याआधीच, 1926 च्या स्वागताला थांबते. सगळे आनंदात गात असतात.

1971 ची 'अपस्टेअर्स, डाउनस्टेअर्स' ही मालक-नोकरांचीच ब्रिटिश मालिका जीन मार्श आणि आयलीन ॲटकिन्स या दोन अभिनेत्रींना सुचली होती. दोघींच्याही घरातली माणसं अशा नोकरीत राबलेली. 'डाउन्टन'चे लेखक ज्युलियन फेलोज 2011 पासून हाउस ऑफ लॉर्ड्सचे सदस्य आहेत. वाडा कुठल्या दारातून आत शिरणाऱ्याला दिसतो, यानेही फरक पडतोच ना?

मला एथेलची ती सकाळ बघायची आहे. पेटी भरतानाची, आणि फाटकाबाहेर पडल्यावर ती कुठल्या दिशेला वळली तिथपर्यंतची.